मागच्या सीटवरचं हरीण

रविकांत उकिडव्यांनी हरणाला मागच्या सीटवर बसवलं, सीट बेल्ट ओढून लावला आणि शिंगं काचेला घासत नाहीत ना हे वाकून पाहिलं. हरीण मूळचं ख्रिसमसच्या सजावटीतलं. पांढऱ्या तारेचं, अंगभर बारीक दिवे गुंडाळलेलं. दिवे रविकांतांनी स्वतः काढले होते आणि तारेवर तपकिरी कापड शिवून घेतलं होतं, अर्थात शुभदाकडून. नाटकातल्या चीनच्या सम्राटाच्या दरबारात विजेच्या माळा घालून आलेलं हरीण शोभलं नसतं.

"शेपटीत एक बल्ब राहिलाय हो," शुभदा पुढच्या सीटवरून म्हणाली.

"राहू दे. दरबारात शेपटी कोण बघतंय?"

कॅनडातल्या ग्वेल्फहून वॉटर्लूला तालमीला जायचा सरळ रस्ता हायवेचा. पण हल्ली शुभदाला हायवेवर गरगरायला लागलं होतं, म्हणून ते शेतांमधल्या रस्त्याने जात. रविकांतांनी सुरुवातीला कुरकुर केली, मग बायकोच्या वयाचा विचार करून मोठ्या मनाने ऐकलं. ती त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होती, हा भाग वेगळा.

"ते बघा, भोपळे मांडलेत," शुभदा म्हणाली. "इथूनच ना आपण डावीकडे वळतो? किती मोठे आहेत या वर्षी."

रविकांत डावीकडे वळले.

"आणि ते दगडी चर्च. मला फार आवडतं. त्याच्या अलीकडेच तो स्टॉप साइन आहे, नाही?"

जन्मभर गाडीत गप्प बसणारी ही बाई म्हातारपणी बोलकी झाली होती. झाडं, चर्च, धान्याची उंच कोठारं, कुणाच्या अंगणातले टोपीवाले बुटके पुतळे, काही सोडत नसे. रविकांतांना त्याची गंमत वाटे. तिचं ऐकत, मनात आपली वाक्यं घोळवत ते आरामात गाडी चालवत. आज तर ते विशेष खुशीत होते. काल रंगमंचावरच्या दिव्यांची योजना आखायला म्हणून त्यांनी बऱ्याच दिवसांनी नाटकाची संहिता उघडली होती आणि पहिल्या अंकातलं खारवलेल्या माशांचं पान वाचून स्वतःवरच खूश झाले होते. दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय असं वाटावं इतकं ते ताजं वाटलं होतं. दुपारभर बसून त्यांनी ते पुन्हा चोख पाठ केलं होतं.

तिथल्या मराठी मंडळात रविकांतांचं पद सल्लागाराचं. एकाहत्तर साली ते धान्यावर संशोधन करायला ग्वेल्फला आले, आणि पुढे मंडळ निघालं तेव्हा त्याची घटना त्यांनीच लिहिली. अध्यक्षपद मात्र कधी घेतलं नाही. अध्यक्ष दोन वर्षांनी बदलतो, आणि तोवर हॉलच्या बुकिंगपासून श्रीखंड कमी पडण्यापर्यंत सगळ्याच्या शिव्या खातो. म्हणून त्यांनी घटनेत सल्लागार असं एक पद घातलं आणि त्याला मुदत घालायची राहून गेली. राहून गेली, असं ते म्हणत. तेव्हापासून जो अध्यक्ष येई तो आधी रविकांतांना फोन करी आणि मग बायकोला विचारी. एकदा राजन नावाच्या एका भल्या माणसाने वार्षिक सभेत उठून, सल्लागारालाही मुदत असावी, असं सुचवलं. पुढच्या वर्षी नाटकाच्या कमिटीत त्याचं नाव नव्हतं. कुणी काढलं नाही, फक्त आलं नाही. नंतर राजन मॉन्ट्रियलला गेला. नोकरीसाठी, असं सगळे म्हणतात.

दिवाळीचं नाटक मात्र दरवर्षी रविकांतांचंच. लिहिणं, बसवणं आणि मुख्य भूमिका, तिन्ही. या वर्षी त्यांनी थेट चीन काढला तेव्हा दोघातिघांनी दबकत विचारलं होतं की काका, एखादं आपलं ऐतिहासिक नको का. "सगळ्या मंडळांत पेशवेच मरतात," रविकांत म्हणाले होते. "आपण जरा चिनी मारू." विषय तिथे संपला.

गोष्ट दोन हजार वर्षांपूर्वीची, झाओ गाओ नावाच्या सल्लागाराची. साध्या जागेवरून चढत चढत हा माणूस सम्राटाच्या कानाशी जाऊन पोचला. सम्राट दौऱ्यावर असताना मेला, तर याने बातमी दाबून ठेवली. प्रेत बंद गाडीत, रोज वेळच्या वेळी आत जेवणाचं ताट, आणि उन्हाळ्यात वास सुटला तेव्हा मागे खारवलेल्या माशांच्या गाड्या. तेवढ्या अवधीत खोटा हुकूम लिहून थोरल्या राजपुत्राचा काटा काढला आणि धाकट्याला गादीवर बसवलं. मग आपली ताकद किती, हे बघायला त्याने एक दिवस दरबारात हरीण आणलं आणि म्हणाला, महाराज, घोडा आणलाय. दरबारातले बरेचजण घोडा म्हणाले. जे हरीण म्हणाले ते पुढे दिसले नाहीत. शेवटी पुढच्या राजाने झाओ गाओलाच संपवलं, आणि रविकांत तिथे पायऱ्यांवर असे काही मरत की तालमीतसुद्धा टाळ्या पडत.

तालीम वॉटर्लूला, मंडळातल्या नंदनच्या बेसमेंटमध्ये होती. पिंगपाँगचं टेबल मिटून भिंतीला लावलेलं, कोपऱ्यात घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसची घरघर, दोन खुर्च्यांवर चादर टाकून केलेली सम्राटाची गाडी. मंडळाचा अध्यक्ष संजय तरुण सम्राट झाला होता. त्याचं पोट तरुण सम्राटाचं नव्हतं, पण अध्यक्षाला छोटी भूमिका कशी द्यायची? फोनवर अंगठ्याने टाइप करता करता तो उठून उभा राहिला.

"काका, ट्रॅफिक वगैरे ठीक ना? आम्ही काही सुरू केलं नाही हं. म्हटलं, तुम्हाला येऊ दे."

"मी नसताना करणार काय होतात?"

सगळे हसले. शुभदा चिवड्याचा डबा घेऊन नेहमीसारखी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. हरीण घेऊन अनुया कोपऱ्यात गेली. अनुया नागपूरची, दोन वर्षांपूर्वी आलेली, सॉफ्टवेअरमधली. मंदीत तिच्या कंपनीतली निम्मी टीम गेली, ही टिकली. नाटकात तिला एकच वाक्य होतं, "महाराज, हे हरीण आहे," आणि ते म्हणून तिला मरायचं होतं.

"पहिल्या अंकापासून," रविकांत म्हणाले. "न थांबता. आणि प्रॉम्प्टिंग नाही, हे सांगायला नको."

हे खरंच सांगायला नको होतं. फार वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवात प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी शेवटच्या रांगेत पोचला होता, आणि लोकांनी टाळ्या प्रॉम्प्टरला दिल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी रविकांतांनी नियम केला: आपल्या नाटकाला विंगेत प्रॉम्प्टर उभा राहणार नाही. ज्याला पाठ नाही त्याने प्रेक्षकांत बसावं. गावोगावची मंडळं या नियमाचं नवल करत, आणि रविकांतांना त्याचा अभिमान होता.

ते चादरीच्या गाडीशी जाऊन उभे राहिले. समोर नंदन, थोरला मंत्री.

"गाडीचा पडदा घट्ट ओढा," रविकांत म्हणाले. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता. "उन्हाळा आहे."

"मग हुकूम कोण लिहिणार?" नंदनने विचारलं.

रविकांतांनी त्याच्याकडे बघितलं. मधे अख्खं एक पान होतं. पोरगा घाईला आला असेल, म्हणून त्यांनी हाताने त्याला थोपवलं आणि कालचं पाठ केलेलं पान सुरू केलं.

"सम्राट जेवले. ताट रिकामं परत आलं, कारण ते रिकामं करायला आत माझा माणूस बसलाय. सम्राट झोपले. सम्राट म्हणाले, चालत राहा…"

नंदन गोंधळला. त्याने संजयकडे बघितलं. संजयला वाटलं आपली खूण झाली, म्हणून तो पोट सावरत आला आणि सिंहासनावर बसला. बाप अजून गाडीत कुजायचा होता आणि मुलगा गादीवर. सम्राट आलेले बघून कोपऱ्यातून अनुया हरीण घेऊन निघाली, अर्ध्या वाटेत थबकली, आणि चादरीच्या गाडीशी हरीण कडेवर घेऊन उभी राहिली.

"थांबा!" रविकांत कडाडले. "चाललंय काय? प्रयोग पंधरा दिवसांवर आलाय. पाठांतर कुठे गेलं तुमचं?"

फर्नेस घरघरत राहिला. नंदन कार्पेटकडे बघत होता. संजय सिंहासनावरून अर्धवट उठला आणि तसाच राहिला.

"सॉरी काका," तो म्हणाला. "आमचंच चुकलं. परत घेऊ."

"चुकलं कुठे ते तरी कळू दे. नंदन, हे पान तुला माहीतच नसल्यासारखं का करतोस?"

"नाही काका, माहितीये ना. जरा… फ्लो गेला."

"काका," अनुया म्हणाली. हरीण तिने खाली ठेवलं. "हे पान तर आपण करतच नाही ना. तुम्ही 'उन्हाळा आहे' म्हणता आणि एकदम हुकुमावर जाता. मग आम्ही सगळे तसंच करून राहिलो. तुम्ही आज बरोबर केलं, म्हणून आम्ही चुकलो."

रविकांतांना आधी काही समजलंच नाही. मग हळूहळू समजलं, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"कधीपासून?"

"गणपतीनंतर."

"अनुया, काहीतरी काय!" संजय घाईघाईने म्हणाला. "काका, तसं काही नाहीये. तिचं पाठांतर जरा कच्चं आहे. आपलं सगळं मस्त चाललंय."

"म्हणजे आम्ही थोडं फ्लेक्सिबल ठेवलं होतं," नंदन म्हणाला. "तुमचा प्रेझेन्सच एवढा आहे काका, की एखादं पान इकडेतिकडे झालं तरी कळत नाही कुणाला."

"दुसऱ्या अंकातसुद्धा?"

अनुयाने मान हलवली. दुसऱ्या अंकातसुद्धा.

रविकांतांच्या तोंडात एक वाक्य तयार होतं. गरज पडेल तेव्हा ते आपोआप तयार होई: "ठीक आहे, तुझ्या भूमिकेचं मग बघू." एवढंच. याहून जास्त त्यांना कधी बोलावं लागलं नव्हतं. संजय ते वाक्य येण्याची वाटच बघत होता, सुटल्यासारखा चेहरा करून. तो चेहरा बघून रविकांत थांबले. अनुयाच्या पायाशी हरीण उभं होतं, शेपटीत एक बल्ब घेऊन, आणि तिच्याभोवती ही चांगली शिकलेली, मोठ्या पगाराची मंडळी घोडा घोडा म्हणत होती. त्यांना हे शिकवलं कुणी, हे विचारायला नको होतं. किती माया लावून शिकले होते सगळे. म्हाताऱ्याचं पान गळलं की पुढचं वाक्य उचलायचं, दर खेपेला थोडं नव्याने पाठ करायचं, आणि वर चिवडा खाऊन म्हणायचं, काका, एक नंबर. बंद गाडीत ताट नेऊन द्यायचं आणि रिकामं परत आणायचं.

त्यांना लाज वाटली. राग त्याहून जास्त आला, पण तो कुणावर काढावा हे नीटसं सापडेना. आणि या दोन्हींच्या खाली भीती होती. पान कुठे गेलं होतं इतके दिवस?

"प्रयोगाला प्रॉम्प्टर असेल," ते म्हणाले.

"काका, पण तुमचा नियम…" संजय म्हणाला.

"मी केला, मी मोडतो. अनुया, विंगेत तू. संहिता हातात घेऊन. तुझं एक वाक्य आहे, ते येऊन म्हण, मर, आणि लगेच विंगेत परत जा."

"मेल्यावर?" अनुयाने विचारलं.

"मेल्यावर माणूस मोकळाच असतो."

आधी कुणी हसायचं धाडस केलं नाही. मग जिन्यावरून शुभदा हसली, आणि बाकीचे तिच्या मागून. त्यांनी अंक पहिल्यापासून घेतला. माशांच्या पानाला रविकांत दोनदा अडले, अनुयाने दोनदा सांगितलं, तिच्या नागपुरी हेलात, आणि पान पार पडलं. दुसऱ्या अंकात पायऱ्यांवर ते असे मरून पडले की नंदनची बायको वरून जेवणाची भांडी सोडून बघायला आली. निघताना रविकांतांनी हरणाला पुन्हा बेल्ट लावला. छाती अभिमानाने फुगली होती. प्रश्न उभा राहिला, आपण तो सोडवला, संपलं. याला म्हणतात सल्लागार, असं त्यांनी शुभदाला ऐकवलंसुद्धा.

"हो तर," शुभदा म्हणाली. "थंडी पडलीये. मफलर घ्या."

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. कापून नेलेल्या मक्याच्या शेतांवर पिवळं ऊन होतं.

"ते बघा, लाल कोठार," शुभदा म्हणाली. "याच्यापुढेच उजवा रस्ता फुटतो, नाही का? ऊन कसलं सुंदर पडलंय त्याच्यावर."

रविकांत उजवीकडे वळले. वळले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण वळणार नव्हतो. आपण सरळ निघालो होतो.

ते पुढच्या चौकाची वाट बघत राहिले, आणि या वेळी मुद्दाम डोक्यात रस्ता आठवून बघितला. चौक आला. डावीकडे की सरळ? शुभदाच्या बाजूने थोडा वेळ शांतता होती, जेवढा वेळ विंगेत थांबतात तेवढाच.

"समोरच्या टेकडीमागे नदी दिसते बघा सरळ गेलं की," ती म्हणाली. "पानं गळल्यावर छान दिसते."

ते सरळ गेले. नदी दिसली. छान दिसत होती.

पुढे रस्त्यात मोटार न वापरणाऱ्या मेनोनाइट पंथीयांची एक घोडागाडी चालली होती, काळी, मागे केशरी त्रिकोण लावलेली. रविवारची कुणाकडे तरी जाऊन घरी परतत असावी. रविकांतांनी वेग कमी केला आणि तिच्या मागे मागे चालवत राहिले. ओव्हरटेक करायला भरपूर जागा होती, तरी केलं नाही.

"शुभदा, तो घोडाच आहे ना?"

"कोण? तो? घोडाच आहे हो. हे काय विचारणं?"

"आणि मागच्या सीटवर?"

तिने मान वळवून मागे बघितलं, जणू खात्री करून घ्यायची होती. "हरीण," ती म्हणाली.

"आणि मी गाडी नीट चालवतो का?"

शुभदाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्या उत्तराचा आकार रविकांतांना ओळखीचा होता. दुपारभर त्यांनी तो बेसमेंटमध्ये सगळ्यांच्या तोंडावर बघितला होता. तिचंही तेच निघालं असतं. छे हो, छान चालवता. पण ते निघालं नाही. ती समोरच्या घोड्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले.

"हरीण," ती म्हणाली, फार हळू.

भोपळ्यांची टपरी लागली तिथे रविकांतांनी गाडी बाजूला घेतली. हँडब्रेक ओढला, उतरले, पुढून वळसा घालून तिच्या बाजूला गेले आणि दार उघडून धरलं. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी तिच्यासाठी दार धरलं नव्हतं. ती उतरली, त्यांच्या जागेवर जाऊन बसली, सीट पुढे ओढली आणि पर्समधून लांबचा चष्मा काढून डोळ्यांना लावला.

"हा पर्समध्ये कधीपासून ठेवतेस?"

शुभदाने आरसा आपल्या उंचीला नीट केला.

"गणपतीनंतर," ती म्हणाली.

रविकांतांनी मागे वाकून हरणाचा बेल्ट घट्ट आहे ना ते बघितलं. मग आपला लावला. घोडागाडी पुढे बरीच लांब गेली होती. शुभदाने सिग्नल दिला, मागे बघितलं आणि सावकाश रस्त्यावर आली. हायवेची पाटी आली तसं तिने सहज वळण घेतलं आणि ट्रकच्या रांगेत गाडी घातली. गरगरण्याचं नाव नव्हतं.

थोडं अंतर गेल्यावर रविकांतांनी घसा साफ केला.

"गाडीचा पडदा घट्ट ओढा. उन्हाळा आहे. सम्राट जेवले. ताट रिकामं परत आलं, कारण ते रिकामं करायला आत माझा माणूस बसलाय. सम्राट झोपले. सम्राट म्हणाले, चालत राहा. सम्राट म्हणाले…"

ते थांबले. शुभदाची नजर रस्त्यावर होती. तिने ओठ फारसे न हलवता, प्रॉम्प्टर सांगतात तसं, पुढचं वाक्य सांगितलं.

"जरा मोठ्यानं," रविकांत म्हणाले.